डिव्हाइस दोरावर सरकतं, नाहीतर जाम होतं: झाडावर चढणाऱ्यांसाठी कारणं आणि उपाय

वळीव सुरू झाला की सोलापुरात फांद्या उतरवायच्या कामांना ऊत येतो. कडुनिंबाच्या फांद्या तारांवर आलेल्या असतात, रेन ट्रीची अर्धी छत्री कुणाच्या तरी पत्र्यावर झुकलेली असते, आणि मृगाच्या आत छाटणी उरकायची सगळ्यांनाच घाई असते. याच दिवसांत दोरावर काम करणारी पोरं दोर पकडून चढा-उतरायच्या डिव्हाइसबद्दल एकच तक्रार घेऊन येतात. "मालक, डिव्हाइस नवं आहे, चांगल्या कंपनीचं आहे, शिक्कासुद्धा आहे, तरी दोरावर सरकतंय." नाहीतर अगदी उलटी तक्रार: "एकदा वजन टाकलं की असं आवळतं की खाली यायला सुटतच नाही."

दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच जागी येऊन थांबतात. डिव्हाइस ठराविक जाडीच्या, ठराविक जातीच्या दोरावर, ठराविक वजनाखाली आणि ठराविक पद्धतीनं तपासून प्रमाणित केलेलं असतं. आपण त्यातलं काहीतरी एक बदललेलं असतं: दोर दुसरा, वजन जास्त, किंवा दुहेरी दोराचं यंत्र एकेरी दोरावर. धातूवरचा शिक्का त्या यंत्रापुरता असतो. दोर, गाठ, कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), फांदी आणि तुम्ही मिळून जी जोडणी होते, तिला कुणीच शिक्का दिलेला नसतो. म्हणून दुकानदाराशी भांडायला जायच्या आधी ती जोडणी एकेक करून सोडवून बघायची.

वर असतानाच बिघडलं तर

सरकायला लागलं तर आधी कमरेचा लॅनयार्ड, म्हणजे खोडाला धरून ठेवणारी आखूड दोरी, खोडाभोवती घ्या आणि वजन त्यावर टाका. मग डिव्हाइसच्या खालच्या दोराला दुपदरी आठाची गाठ मारून ती कॅराबिनरनं हार्नेसच्या (अंगावरच्या पट्ट्यांच्या) मुख्य कडीत अडकवा. आता डिव्हाइस पूर्ण सुटलं तरी गाठीपलीकडे तुम्ही जाणार नाही. एवढं झाल्यावरच खालच्या माणसाशी बोला, दुसरा दोर मागवा आणि त्यावर उतरा. "जरा जरा सरकतंय, हळूच येतो खाली" असं म्हणून त्याच डिव्हाइसवर उतरू नका. सरकणारं डिव्हाइस तापतं, आणि तापलं की आणखी सरकतं.

जाम झालं असेल तर डिव्हाइसवर करवतीच्या मुठीनं ठोकू नका. डिव्हाइसच्या वर, त्याच दोराला प्रुसिक (वजन पडलं की दोर आवळून धरणारी बारीक दोरीची गाठ) बांधा, त्यात पायाचा लांब फास लावा आणि त्यावर उभे राहा. वजन पायावर गेलं की डिव्हाइस मोकळं होतं. कामाला चढणाऱ्या प्रत्येकाच्या हार्नेसला यासाठी एक प्रुसिकची दोरी आणि एक पायफास कायम लटकलेला असावा. सुरी मात्र काढायची नाही. ताणातल्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी तो तुटतो, आणि चुकीचा दोर कापला जायला क्षणभर पुरतो.

शिक्क्यात काय लिहिलंय ते आधी वाचा

डिव्हाइस उलटं करा, रुमालानं पुसा आणि उन्हात तिरपं धरा. बारीक कोरलेली अक्षरं दिसतील. त्यात सीई, म्हणजे युरोपच्या सुरक्षा नियमांत बसत असल्याची खूण, आणि तिच्या पुढे चार आकडे आहेत का बघा. युरोपच्या 2016/425 क्रमांकाच्या नियमावलीत उंचीवरून पडण्यापासून वाचवणारी साधनं तिसऱ्या वर्गात येतात, म्हणजे जिथे चूक झाली तर जीव जातो त्या वर्गात. अशा साधनाला कारखानदार स्वतःच्या मनानं सीई लावू शकत नाही. बाहेरची मान्यताप्राप्त संस्था त्यावर लक्ष ठेवते आणि तिचा चार आकडी क्रमांक सीईला लागून येतो. 0082 हा क्रमांक फ्रान्समधल्या अपावे या संस्थेचा आहे, तो तुम्हाला पुष्कळ मालावर दिसेल. नुसतं सीई आणि पुढे काहीच नाही असं डिव्हाइस दिसलं तर त्यावर चढायचा विषय तिथेच संपवा. नुसतं "30 केएन" एवढंच कोरलेलं असेल तरी तेच. 30 किलोन्यूटन हा ताकदीचा दावा झाला. तो कुणी तपासला, कोणत्या दोरावर तपासला, हे त्यातून कळत नाही.

त्यापुढे ईएनचा, म्हणजे युरोपियन मानकाचा, क्रमांक असतो आणि खरी गोम तिथे आहे. सगळ्यात जास्त गोंधळ ईएन 12841 वर होतो. हे मानक इमारती आणि टॉवरवर दोरानं काम करणाऱ्यांसाठी आहे आणि त्यात तीन प्रकार आहेत. ए म्हणजे सुरक्षेच्या दुसऱ्या दोरावर सोबत चालणारं, पडलात तर पकडणारं. बी म्हणजे वर चढायचं, ज्याला आपल्याकडे सरसकट जुमर म्हणतात. सी म्हणजे उतरायचं. बी आणि सी या दोन्ही प्रकारांसोबत दुसऱ्या दोरावर ए प्रकाराचं यंत्र असलंच पाहिजे, असं ते मानक धरून चालतं. आपली पोरं काय करतात, तर दात्यांचा जुमर घेतात, त्यावर ईएन 12841 बी किंवा ईएन 567 लिहिलेलं असतं, आणि एकट्या त्याच्यावर विसंबून पन्नास फूट वर जातात. मग दोराला थोडा झोळ पडला, पाय सटकला, की झटका थेट दात्यांवर. असा जुमर साधारण 4 ते 6 किलोन्यूटनच्या झटक्याला दोराचं वरचं विणलेलं कवच फाडतो. एक किलोन्यूटन म्हणजे शंभरेक किलोचा भार. झोळासकट पडणाऱ्या माणसाचा झटका तिथवर सहज जातो. इथे शिक्का खरा असतो, यंत्रही खरं असतं. पण ज्या कामाला ते प्रमाणित आहे ते काम आपण त्याच्याकडून घेत नसतो.

झाडकामासाठी बनवलेली दोराची यंत्रं बराच काळ अशा आसपासच्या मानकांवर प्रमाणित होत आली आहेत: कुणी 12841 वर, कुणी कामाच्या जागी धरून ठेवण्याच्या ईएन 358 वर, कुणी बचावाच्या ईएन 341 वर. त्यामुळे दोन डिव्हाइस दिसायला सख्खी भावंडं असली तरी त्यांच्या पुस्तिका वेगळं सांगतात. पुस्तिका इंग्रजीत असते म्हणून ती फेकून देऊ नका. त्यातली चित्रं भाषेशिवाय कळतात. कवटीचं चित्र जिथे आहे तिथे तसं केलं तर माणूस मरतो, एवढा त्याचा सरळ अर्थ आहे.

अमेरिकन माल असेल तर झेड133 हे नाव दिसेल. तिथल्या झाडकामाची सुरक्षेची ती संहिता आहे. तिथे चढायचा दोर सर्वसाधारणपणे अर्ध्या इंचाचा, म्हणजे 12.7 मिमीचा आणि 5400 पौंडांची, म्हणजे 24 किलोन्यूटनची ताकद असलेला धरतात. 11 मिमीच्या दोरालाही काही अटींवर परवानगी आहे, पण जाड दोराभोवती बेतलेली बरीच यंत्रं तिथूनच येतात. असं डिव्हाइस ओळखीतून कुणी आणलं आणि ते आपल्याकडच्या 11 मिमीच्या दोरावर चढवलं तर ते सरकणारच. बिघाड शोधायला बसण्याआधी दोराच्या जाडीचे दोन आकडे, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, यंत्रावर शोधा. ते सापडले की निम्मं निदान झालेलं असतं.

आपल्या देशी मालाबद्दल. पडण्यापासून अडवणारे हार्नेस, लॅनयार्ड, कनेक्टर यांना आयएस 3521 लागू आहे. आयएसआयच्या खुणेसोबत सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो मोबाईलवर बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या बघा, दुकानदाराला राग येत नाही. मात्र हार्नेसवर आयएसआय आहे म्हणून त्याला लावलेलं डिव्हाइससुद्धा आपोआप चालतं असं समजू नका. दोघांचं प्रमाणपत्र वेगवेगळं.

खरा शिक्का असलेलं चांगलं यंत्रही सदोष निघू शकतं. पेट्झल कंपनीनं झाडवाल्यांसाठी झिगझॅग नावाचं साखळीसारखं यंत्र काढलं, आणि 2013 मध्ये ते वापरणं ताबडतोब थांबवा असं तिलाच सांगावं लागलं. माल परत घेतला आणि नंतर सुधारून बाजारात आणला. म्हणून अनुक्रमांक लिहून ठेवायचा. जुनं यंत्र कुणाकडून विकत घेत असाल तर कंपनीच्या संकेतस्थळावर परत मागवलेल्या मालाची यादी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुहेरीवर चालतं, एकेरीवर नाही

सरकण्याच्या आणि जाम होण्याच्या बहुतेक तक्रारी शेवटी इथेच निघतात, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

दोर फांदीवरून टाकून दोन्ही टोकं आपल्याकडे घेतली, एक टोक हार्नेसला बांधलं आणि दुसऱ्यावर डिव्हाइस लावलं, तर आपलं वजन दोन पदरांत वाटलं जातं. साहित्यासकट माणूस 90 किलोचा धरला तर डिव्हाइसच्या वाट्याला 45 च्या आसपास येतात. खाली उतरताना तर सालीवर दोर घासतो, त्यामुळे डिव्हाइसच्या पदरावर त्याहूनही कमी येतं. हीच दुहेरी, चालत्या दोराची पद्धत.

आता तोच माणूस एकेरी दोरावर गेला. दोर वर पक्का बांधलेला, हलत नाही, आणि डिव्हाइस त्याच्यावर वर-खाली करतं. इथे सगळेच्या सगळे 90 किलो डिव्हाइसवर. जे यंत्र किंवा जी गाठ 45 किलोवर लोण्यासारखी चालत होती, ती दुप्पट वजनाखाली एकतर दोर धरून ठेवू शकत नाही, नाहीतर इतकी आवळते की सुटत नाही. प्रुसिक, डिस्टेल, ब्लेक या गाठींचंही हेच होतं. एकेरीवर नुसत्या गाठीनं लांब उतरलात तर ती आवळते, तापते आणि दोरीचं कवच चकाकायला लागतं.

यावरचा उपाय म्हणजे वरच्या बाजूला जास्तीचं घर्षण देणारं वेगळं साधन. केविन बिंगहॅम या अमेरिकन झाडकामगारानं काढलेला रोप रेंच याचसाठी आहे, तो गाठीच्या वर बसून दोराला वळण देतो आणि गाठीवरचं वजन हलकं करतो. झिगझॅगसाठी कंपनीनंच शिकेन नावाचा जोडब्रेक काढला. मुद्दा इतकाच की आपल्या डिव्हाइसच्या पुस्तिकेत एकेरी दोराचं चित्र आहे का, आणि त्या चित्रात वर दुसरं काही लावलेलं आहे का, ते बघायचं. चित्रात असेल तर ते लावल्याशिवाय एकेरीवर जायचं नाही. त्याच्या जागी गॅरेजमधली कडी नको.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे पुलीचा घोटाळा. विजापूर रोडला एका बंगल्यातल्या रेन ट्रीवर काम चालू होतं. तोच पोरगा, तोच दोर, तेच डिव्हाइस. सकाळी दोर थेट सालीवरून टाकला होता तेव्हा सगळं ठीक. दुपारी झाडाची साल सोलली जाऊ नये म्हणून त्यानं पुली असलेला फ्रिक्शन सेव्हर लावला, जे योग्यच केलं, आणि डिव्हाइस सरकायला लागलं. सालीचं घर्षण गेलं, ते वजन डिव्हाइसवर आलं. डिव्हाइस आधीपासूनच झिजलेलं होतं, साल त्याचं काम करत होती एवढंच. पुली काढून परत सालीवर टाकणं हा यावरचा उपाय नाही. डिव्हाइसच बदलावं लागतं.

एकेरीत आणखी एक गोष्ट. दोर बुंध्याशी बांधून फांदीवरून वर घेऊन पलीकडे चढत असाल, तर त्या वरच्या बेचक्यावर तुमच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, कारण दोन्ही बाजूंचे पदर त्याला खाली ओढतात. गुलमोहर आणि सुबाभूळ अशा भाराला अचानक मोडतात. कडुनिंब आणि चिंच भरवशाची, पण ढोली नाही ना हे ठोकून बघूनच. आणि बुंध्याच्या गाठीजवळ कुणाच्याही हातात चालू करवत नको.

दोर

बाजारात नायलॉन म्हणून मिळणारा पिवळा, निळा, हिरवा चकचकीत दोर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. शेतात, ट्रकवर, विहिरीवर तो चांगला आहे. चढायच्या डिव्हाइसवर तो सरकतो, आणि साधारण 165 अंशांना वितळतो. नायलॉन 6 वितळायला 220 च्या आसपास लागतात, पॉलिस्टरला 250 च्या वर. ओळखायचं सोपं आहे: कापलेला तुकडा बादलीत टाका. पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, नायलॉन आणि पॉलिस्टर बुडतात. तुकडा नीट बुडवून हवेचे बुडबुडे दाबून काढा, नाहीतर फसाल. आपलं गाव सुताचं. यंत्रमागावर काम केलेला शेजारी असेल तर काडी लावून, वास घेऊन तो तुम्हाला सूत सांगेल.

बुडाला म्हणजे चढायचा दोर झाला, असं मात्र नाही. आतला गाभा आणि वर विणलेलं कवच असलेल्या, कमी ताणणाऱ्या दोराचं मानक ईएन 1891 आहे. त्यातला ए प्रकार घ्यायचा. तो किमान 22 किलोन्यूटन सोसतो, बी प्रकार 18. अस्सल दोर कापून बघितला तर गाभ्यात एक बारीक छापील पट्टी सापडते, तिच्यावर कारखानदाराचं नाव, मानक आणि वर्ष असतं. टोकाच्या वेष्टनावर "ए 11" असं काही लिहिलेलं असतं. पट्टीही नाही आणि वेष्टनही नाही, तर तो दोर माल बांधायचा.

जाडी व्हर्नियरनं मोजा, पण दोराला थोडं वजन लटकवून, कारण कंपनीही तशीच मोजते. ढिला दोर जास्त जाड भरतो. डिव्हाइसवर 10.5 ते 11.5 लिहिलेलं असेल आणि तुमचा दोर 10 चा असेल तर तो सरकेल. उलट 11 चा दोर दोन-तीन हंगामांत धुळीनं आणि घासून फुगतो, केसाळ होतो आणि त्याच डिव्हाइसमध्ये अडकायला लागतो. म्हणजे घेतला तेव्हा बरोबर असलेला दोर पुढे चुकीचा होऊ शकतो. वर्षातून एकदा परत मोजा.

अगदी नवा दोर सरकतो त्याचं कारण वेगळं. कारखान्यातून येताना धाग्यावर तेलकट थर असतो. पहिल्यांदा वापरायच्या आधी दोर साध्या पाण्यात भिजत घाला आणि सावलीत सावकाश वाळवा. तो साधारण पाच टक्के आखडतो, कवच गाभ्यावर घट्ट बसतं आणि पकड सुधारते. कापून घेताना हे पाच टक्के धरूनच घ्या. दुहेरीसाठी झाडाच्या उंचीच्या दुपटीहून जास्त दोर लागतो आणि टोकाला गाठ हवीच. दोराचं टोक डिव्हाइसमधून निसटणं हा अपघात फक्त त्या एका गाठीनं टळतो.

गाठीची दोरी मुख्य दोराहून बारीक असावी. 11 ते 13 मिमीच्या दोरावर 8 ते 10 मिमीची चालते. दोन्ही सारख्याच जाडीच्या असतील तर गाठ धरत नाही, मग कितीही वेढे द्या.

चीक, माती, ऊन

वड, पिंपळ, उंबर यांच्यावर काम झालं की संध्याकाळी डिव्हाइस धुतलंच पाहिजे. चीक ओला असताना दिसत नाही, वाळला की कॅमच्या, म्हणजे दोर दाबून धरणाऱ्या फिरत्या भागाच्या, खिळीत रबरासारखा बसतो. मग कॅम अर्ध्यातच थांबतो, वजन टाकल्यावर दोर पकडायला उशीर करतो, आणि पोरांना वाटतं स्प्रिंग गेली. एका डिव्हाइसचा कॅम अंगठ्यानं दाबून सोडला तर तो पूर्ण परत यायच्या ऐवजी मध्येच अडखळत होता. कोमट साबणपाणी आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन खिळीच्या फटीत घासलं तेव्हा तपकिरी दोऱ्यासारखा चीक निघाला, आणि कॅम खटकन परत यायला लागला. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांनी धुऊ नका. वंगण पुस्तिकेत सांगितलं असेल तरच आणि फक्त खिळीला, थेंबभर. दोर टेकतो त्या भागाला तेल लागलं तर पुढचा बिघाड तुम्हीच तयार केला.

काळ्या मातीची बारीक धूळ दोराच्या विणीत बसते आणि सँडपेपरसारखी अॅल्युमिनियम खाते. दोर जमिनीवर न टाकता पिशवीत किंवा ताडपत्रीवर ठेवा. डिव्हाइसच्या दोर घासणाऱ्या भागावरून नख फिरवा. खाच नखाला अडत असेल, कड धारदार झाली असेल, तर पुस्तिकेतली झिजेची मर्यादा काढून मोजा. धारदार कड यंत्राला लवकर जाम करते आणि दोराचं कवच सोलते.

मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि धातू उन्हात ठेवला तर हात लावता येत नाही. अशा तापलेल्या डिव्हाइसवर झपकन खाली उतरलात तर घर्षणाची उष्णता त्यात भर घालते. सावकाश उतरा, उतरल्यावर दोर डिव्हाइसमध्ये तसाच दाबून ठेवू नका. दोर टेंपोच्या हौद्यात बॅटरीशेजारी किंवा घरी संडास धुवायच्या अॅसिडशेजारी कधीही नको. अॅसिडच्या वाफेनं नायलॉन आतून कुजतं आणि वरून काही दिसत नाही. अशा दोराला शंका आली तरी काढून टाका, तपासत बसू नका.

कॅराबिनर आणि हार्नेस

डिव्हाइस वाकडं बसत असेल आणि त्यामुळे सरकत असेल तर कॅराबिनर बघा. तो मोठा आणि नाशपातीच्या आकाराचा असेल तर डिव्हाइस कोपऱ्यात सरकून तिरपं होतं. पुस्तिकेत दाखवलेल्या आकाराचाच घ्या. आपोआप बंद होऊन कुलूप लागणारा, उघडायला एकामागोमाग दोन तरी हालचाली लागणारा, ईएन 362 चा. फिरवून बंद करायचा स्क्रूचा कॅराबिनर फांदीला घासून उघडतो.

डिव्हाइस हार्नेसच्या पुढच्या, वजन पेलायच्या कडीलाच लावा. कारखान्यात मिळणाऱ्या फुल बॉडी हार्नेसची पाठीवरची कडी पडल्यावर अडवायला आहे, त्यावर लटकून काम करायला नाही. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या कड्या जोडीनंच वापरायच्या, आणि लॅनयार्डला 0.6 मीटरपेक्षा जास्त झोळ ठेवायचा नाही. करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असायचं, दोर एक आणि लॅनयार्ड दुसरा. ब्रिटनमधल्या झाडकामगारांच्या 2020 च्या उद्योगसंहितेनं तर वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेल्या दोन दोरांचा आग्रह धरला आहे. आपल्याकडे खर्चाचं कारण पुढे येतं, पण एक जादा दोर आणि एक जादा डिव्हाइस एका मोठ्या झाडाच्या मजुरीत बसतं. लॅनयार्डमध्ये तारेचा गाभा असेल तर विजेच्या तारांजवळ तो नकोच, आणि तारा दहा फुटांच्या आत असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय कुणीच वर जायचं नाही.

चढायच्या आधी बुडाशी

प्रत्येक वेळी दोर ओवताना डिव्हाइसवरचं चित्र बघा, माणूस कुठल्या बाजूला आणि फांदी कुठल्या बाजूला ते त्यात असतं. उलटं ओवलेलं डिव्हाइस हातानं ओढलं तर पकडल्यासारखं वाटतं, वजन टाकल्यावर सुटतं. म्हणून हातानं ओढून बघणं ही चाचणी नाही. जमिनीपासून फूटभर वर पूर्ण वजनानं लटका, करवतीसकट. दोनदा अंग झटका. खटका दाबून अर्धा फूट खाली या, खटका सोडा, जागच्या जागी थांबताय का बघा. मग हात पूर्ण सोडून थोडा वेळ तसेच राहा आणि दोरावर डिव्हाइसच्या वर चिकटपट्टीची खूण करा. खूण आणि डिव्हाइस यांतलं अंतर वाढत असेल तर डिव्हाइस सावकाश सरकतंय. हे डोळ्यांना कळत नाही, खुणेनं कळतं.

सरकत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी दुसरा, योग्य जाडीचा, वापरातला स्वच्छ दोर लावा. थांबलं तर दोष दोरात. नाही थांबलं तर डिव्हाइस धुऊन, वाळवून परत लटका. तरीही सरकलं तर वजनाचा आणि एकेरी-दुहेरीचा हिशोब करा. हे सगळं बरोबर असून सरकतंय, तर डिव्हाइस झिजलेलं आहे. घरी फाइल मारून दाते उगाळू नका, वेल्डिंग नको, स्प्रिंग दुसरी बसवायची नाही. कंपनीनं ज्या घडणीवर प्रमाणपत्र घेतलं ती घडण बदलली की प्रमाणपत्र उरत नाही.

प्रत्येक डिव्हाइसची एक वही ठेवा: अनुक्रमांक, कधी घेतलं, पहिल्यांदा कधी वापरलं, कोणत्या दोरावर. ईएन 365 प्रमाणे जाणकार माणसाकडून वर्षातून एकदा तरी तपासणी व्हायला हवी. ब्रिटनमध्ये माणसं उचलणाऱ्या साहित्याला ती दर सहा महिन्यांनी लागते. पॉवर प्लांट किंवा टॉवरवर काम केलेले, दोरावरच्या कामाच्या इराटा या संघटनेचं प्रशिक्षण घेतलेले लोक ओळखीत असतील तर त्यांच्याकडून तपासून घ्या, पण ती तपासणी वहीत सहीसकट लिहून घ्या. धाग्याच्या साहित्याचं आयुष्य बहुतेक कंपन्या बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षं धरतात, आणि आपल्या उन्हात, आपल्या कामाला ते त्याच्या कितीतरी आधी संपतं.

बाद केलेलं डिव्हाइस भंगारात तसंच देऊ नका. कुणीतरी ते पुसून विकतं आणि शिक्का तर त्यावर असतोच. ग्राइंडरनं दोर जातो तिथून आरपार कापा. दोराचे दोन-दोन मीटरचे तुकडे करा, ते टेंपोत फांद्या बांधायला चालतील.